गजबजलेले सभागृह आणि माळ्यावरची खोली

१८०३ सालच्या जानेवारीत लंडनमध्ये जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या एका माणसाला फाशी देण्यात आले. पत्नी आणि मूल यांच्या खुनाचा आरोप त्याच्यावर शाबीत झाला होता. १७५२ च्या कायद्यानुसार इंग्लंडात खुन्याचे प्रेत दफनासाठी नातेवाइकांच्या हाती पडत नसे. ते शवविच्छेदनासाठी शल्यवैद्यांच्या स्वाधीन होई. फॉर्स्टरचे प्रेत असेच आले, आणि जिओव्हान्नी अल्दिनी या इटालियन अभ्यासकाने त्याला विद्युत्घटांच्या तारा जोडल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, उजवा हात मूठ वळून वर उठला, पाय हलले. बेडकाच्या पायातील ‘प्राणिज विजे’विषयी १७९१ मध्ये लिहिणाऱ्या लुइजी गॅल्व्हानीचा हा भाचा. मामाचे संशोधन घेऊन तो युरोपभर फिरत होता आणि जाईल तेथे प्रेक्षक जमवीत होता. फॉर्स्टरच्या प्रेताभोवतीही शल्यवैद्य आणि इतर निमंत्रित मंडळी उभी होती. प्रयोग पाहून घरी गेलेला संस्थेचा एक नोकर त्याच दिवशी भीतीने मेला, असे ‘न्यूगेट कॅलेंडर’ सांगते. गुन्हेगारांच्या चरित्रांचा तो लोकप्रिय संग्रह कितपत विश्वासार्ह मानायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ची पार्श्वभूमी सांगताना अल्दिनीचा उल्लेख सर्वच पाठ्यपुस्तके करतात. मृत देहात विजेने हालचाल निर्माण होते ही कल्पना तेथून आली, एवढे सांगून ती पुढे जातात. मला त्या प्रसंगातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथे माणसे होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी विज्ञान ही चारचौघांत, किंबहुना चारशेजणांत, करण्याची गोष्ट होती. बर्मिंगहॅमच्या ‘लूनर सोसायटी’चे सभासद पौर्णिमेच्या सुमारास एकमेकांच्या घरी जमत, म्हणजे रात्री परतताना रस्ता दिसे. जेम्स वॅट, जोसेफ प्रीस्टली, इरॅस्मस डार्विन ही त्यांतली काही नावे. १७९९ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापन झाली. तिच्या सभागृहात हम्फ्री डेव्हीची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकायला एवढी गर्दी लोटे की अल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची कोंडी होई. श्रोत्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असत. रॉयल सोसायटीने स्त्रियांना सभासदत्व दिले ते थेट १९४५ मध्ये. त्या मानाने हे सभागृह बरेच उदार म्हणायचे. डेव्हीच्या १८०२ च्या प्रास्ताविक व्याख्यानात आधुनिक रसायनशास्त्राच्या सामर्थ्याचे जे स्तवन आहे, त्याचे पडसाद ‘फ्रँकेनस्टाइन’मधील प्राध्यापक वाल्डमनच्या भाषणात ऐकू येतात, असे अनेक समीक्षकांनी दाखवले आहे. १८१६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे कादंबरीचे लेखन ऐन रंगात असताना, मेरी डेव्ही वाचीत होती अशी तिच्या रोजनिशीत नोंद आहे.

मग प्रश्न असा की आपल्या काळातले विज्ञान असे गजबजलेले असताना मेरीने व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनला एकटे का ठेवले?

व्हिक्टरची ‘प्रयोगशाळा’ आठवून पाहा. घराच्या अगदी वरच्या मजल्यावर, इतर खोल्यांपासून जिन्याने आणि सज्जाने तुटलेली एक कोंदट खोली. तिला तो स्वतःच कोठडी म्हणतो. इंगोलश्टाटचे विद्यापीठ हे काही काल्पनिक स्थळ नव्हे. १४७२ मध्ये स्थापन झालेले ते विद्यापीठ १८०० मध्ये लँड्सहूटला हलवले गेले. कादंबरी घडते त्या अठराव्या शतकात ते नांदते होते. व्हिक्टर तेथे आला तेव्हा एकलकोंडा नव्हता हेही विसरू नये. वाल्डमनचा तो लाडका विद्यार्थी होतो, रासायनिक उपकरणांत सुधारणा करतो आणि त्यासाठी विद्यापीठात त्याचा मान वाढतो. प्राणाचे रहस्य हाती लागते आणि त्या क्षणापासून दार बंद होते. जवळजवळ दोन वर्षे तो कोणाशी काही बोलत नाही. बाहेर उन्हाळा येतो, पिके डोलतात, द्राक्षे लगडतात. त्याचे लक्ष नसते. जिनिव्हाला वडील पत्राची वाट पाहतात, तो लिहीत नाही. पुढे आजारातून उठल्यावर वाल्डमन त्याची तोंडभर स्तुती करतो तेव्हा प्रत्येक शब्द त्याला सुईसारखा टोचतो, कारण गुरूला खरे काय ते ठाऊकच नसते.

व्हिक्टरचे एकाकीपण विज्ञानातून आलेले नाही, ते गुपितातून आलेले आहे, हा फरक वाचताना सहज निसटतो. डेव्ही जे शोधी ते सभागृहात मांडी आणि छापून काढी. त्याचा प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येई. व्हिक्टरचा प्रयोग कोणालाच करून पाहता येणार नाही, आपल्यालाही नाही, कारण कादंबरीत तो कृती सांगतच नाही. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मरणाच्या दारी असतानाही तो वॉल्टनपासून ती लपवतो, आणि तुझ्या हितासाठी लपवतो असे वर सांगतो. या अर्थाने त्याचा स्वभाव वैज्ञानिकाचा कमी आणि किमयागाराचा अधिक आहे. कोवळ्या वयात तो कॉर्नेलियस अग्रिपा आणि पॅरासेल्सस वाचतो; ग्रंथ मागे पडतात, पण गुप्ततेची ती सवय टिकते.

या सवयीचे कूळ मेरीच्या घरातच सापडते. तिचे वडील विल्यम गॉडविन यांनी १७९९ मध्ये ‘सेंट लिऑन’ ही कादंबरी प्रसिद्ध केली होती. सोळाव्या शतकातील एका फ्रेंच उमरावाला सोने करण्याची विद्या आणि अमरत्वाचे रसायन प्राप्त होते. अट एकच, कोणाला सांगायचे नाही. त्या न सांगण्याने त्याचा संसार पोखरला जातो. बायको दुरावते आणि झिजून मरते, मुलगा निघून जातो, आणि हातात अमाप द्रव्य असलेला हा गृहस्थ देशोदेशी संशयित म्हणून हिंडतो. आज ती कादंबरी कोणी वाचत नाही, आणि खरे सांगायचे तर तिची लांबण पाहता त्यात नवल नाही. पण मोठे ज्ञान, त्याचे गुपित आणि घराची राखरांगोळी हा साचा मेरीला तेथे तयार मिळाला. तिने केलेला बदल म्हणजे किमयागाराच्या जागी विद्यापीठात शिकलेला तरुण आणला. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. सेंट लिऑनवर गुप्ततेची अट दुसऱ्याने घातलेली होती. व्हिक्टरला कोणीही अट घातलेली नाही.

येथे चरित्राकडे वळण्याचा मोह होतो आणि तो पूर्णपणे आवरण्याचे कारण नाही. मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा; आई मेरी वुलस्टनक्राफ्ट बाळंतरोगाने १० सप्टेंबरला गेली. १८१४ मध्ये सोळा वर्षांची मेरी विवाहित पर्सी शेलीबरोबर पळून गेली, तेव्हा विवाहसंस्थेविरुद्ध लिहिणाऱ्या गॉडविननेच तिच्याशी बोलणे टाकले. १८१६ च्या अखेरीस त्यांचे रीतसर लग्न होईपर्यंत अबोला सुटला नाही. फेब्रुवारी १८१५ मध्ये तिला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत ती दगावली. बाळ नुसते गारठले होते, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जिवंत झाले, असे स्वप्न पडल्याची नोंद तिच्या रोजनिशीत मार्च महिन्यात आहे. १ जानेवारी १८१८ रोजी ‘फ्रँकेनस्टाइन’ निनावी प्रसिद्ध झाली, अवघ्या ५०० प्रतींची आवृत्ती, तीन भागांत. अर्पणपत्रिकेवर लेखिकेचे नाव नव्हते, गॉडविनचे होते. पोरीला टाकणाऱ्या बापाला, निर्मिलेल्या जीवाला टाकणाऱ्या माणसाची गोष्ट अर्पण केली गेली, यात काही ठरवून केलेले होते की नाही हे शोधीत बसण्यापेक्षा ती वस्तुस्थिती नोंदवून पुढे जाणे बरे.

कारण कादंबरीतला खरा एकाकी पुरुष व्हिक्टर नव्हेच. त्याला वडील आहेत, एलिझाबेथ आहे, क्लेर्व्हालसारखा मित्र आहे, आणि हे सारे त्याची वाट पाहत आहेत. त्याने एकांत निवडला आहे; तो मनात आणील तेव्हा जिना उतरून खाली येऊ शकतो. त्याने घडवलेल्या आठ फुटी जीवाला मात्र ही मुभा नाही. द लेसी कुटुंबाच्या झोपडीला लागलेल्या खोपटात लपून तो भाषा शिकतो, माणसांचे प्रेम फटीतून पाहतो, मिल्टन, प्लूटार्क आणि ग्योथेचा ‘व्हेर्टर’ वाचतो. व्होल्नीचा राज्यांच्या उदयास्तावरील ग्रंथ मोठ्याने वाचला जात असताना अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची कहाणी ऐकून तो रडतो. म्हातारा द लेसी आंधळा आहे, म्हणून तोच एकटा त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेतो. डोळस मुलगा येतो आणि काठीने झोडपतो. माझी दुष्टता ही लादलेल्या एकटेपणाची संतती आहे, असे तो जीव आपल्या निर्मात्याला बजावतो, आणि जोडीदारीण मागतो. हा युक्तिवाद थेट गॉडविनच्या शाळेतला आहे. परिस्थिती माणसाचे शील घडवते हे त्याने १७९३ च्या ‘पोलिटिकल जस्टिस’मध्ये विस्ताराने मांडले होते.

आपल्याकडे वर्तमानपत्री भाषेत अशा प्रसंगी ‘भस्मासुर’ हा शब्द येतो. एखाद्या सत्ताधाऱ्याने पोसलेली शक्ती त्याच्यावरच उलटली की तो स्वतः निर्माण केलेला भस्मासुर ठरतो. इंग्रजी अग्रलेखात त्याच जागी फ्रँकेनस्टाइनचे नाव येते. सोयीचा असला तरी हा प्रतिशब्द फसवा आहे. भस्मासुराने शंकराकडे संहाराची शक्ती मागितली होती आणि ती त्याला मिळाली. मेरीच्या जीवाने सोबत मागितली, आणि ती मिळाली नाही.

व्हिक्टरच्या तोंडी एक परिच्छेद आहे, ज्याकडे वर्गात अध्यापक सहसा वळत नाहीत. ज्या अभ्यासाने माणसाची माया क्षीण होते आणि साध्या सुखांची गोडी जाते तो अभ्यास अयोग्यच, असा नियम तो मांडतो आणि लगेच इतिहासात उडी घेतो: हा नियम सर्वांनी पाळला असता तर ग्रीस गुलाम झाला नसता, सीझरने स्वदेशाला वाचवले असते, अमेरिकेचा शोध हळूहळू लागला असता आणि मेक्सिको व पेरू यांची साम्राज्ये उद्ध्वस्त झाली नसती. एका विद्यार्थ्याच्या खोलीवरून दोन खंडांवर! एवढे बोलून, आपण प्रवचन करू लागलो हे ध्यानात येऊन, तो थांबतो. पण येथे कादंबरीचे माप कळते. घरच्या माणसांना पत्र न लिहिणे आणि साम्राज्ये बुडवणे या दोन टोकांत तिला एकच दोष दिसतो.

म्हणूनच वॉल्टनची चौकट महत्त्वाची आहे. तोही उत्तर ध्रुवाकडे निघालेला महत्त्वाकांक्षी तरुण, चुंबकशक्तीचे रहस्य शोधणारा, आणि त्याचीही मोठी तक्रार मित्र नसल्याची. पण त्याच्या भोवती खलाशी आहेत. जहाज बर्फात अडकते तेव्हा ते परतण्याची मागणी करतात, आणि मरणोन्मुख व्हिक्टर उठून त्यांच्यापुढे शौर्याचे भाषण ठोकतो. इतका उपदेश केल्यावरही! आपण हरलो तरी दुसरा कोणी यशस्वी होईल, ही आशा त्याच्या शेवटच्या शब्दांतूनही सुटत नाही. वॉल्टन कुरकुरत का होईना, खलाशांचे ऐकतो आणि माघारी फिरतो. माळ्यावरच्या खोलीत असे ‘नाही’ म्हणणारे कोणी नव्हते.

आणि तरीही ती खोली पूर्णपणे एकांताची नव्हती. व्हिक्टरला साहित्य लागते, आणि ते तो शवागारे, विच्छेदनगृहे आणि खाटीकखाने यांतून आणतो. त्या काळी वैद्यकीय शाळांना फाशी गेलेल्यांची प्रेते पुरत नसत. कबरी उकरून प्रेते विकणाऱ्यांचा धंदा जोरात होता. एडिंबरोच्या बर्क आणि हेअर या जोडगोळीने १८२८ मध्ये तर माणसे मारूनच प्रेते पुरवली. १८३२ च्या कायद्याने यावर तोडगा काढला, तो असा की अनाथालयांत आणि इस्पितळांत मेलेल्या बेवारशांची प्रेते विच्छेदनाला मिळू लागली. श्रीमंत घरचा तरुण एकटा बसून काम करतो, तेव्हा त्याच्या मेजावर गोरगरिबांचे देह असतात. मेरी या गोष्टीवर भाष्य करीत नाही, पण तिच्या वाचकांना ते सांगावे लागत नव्हते.

कादंबरी रंगभूमीवर गेली तेव्हा काय झाले हे पाहण्यासारखे आहे. जुलै १८२३ मध्ये रिचर्ड ब्रिन्सली पीकचे नाटक लंडनला लागले. त्याच्या नावातच ‘दर्प’ हा शब्द होता आणि बोधही तोच: ईश्वराच्या अधिकारात ढवळाढवळ करणाऱ्याचे असे होते. प्रयोगशाळेतला एकांत रंगमंचावर दाखवणे अवघड. म्हणून व्हिक्टरला फ्रिट्झ नावाचा नोकर देण्यात आला. आणि त्याने घडवलेला जीव मुका करण्यात आला. म्हणजे ज्याचा एकांत स्वतःचा होता त्याला सोबती मिळाला, आणि ज्याचा लादलेला होता त्याची वाचा गेली. १९३१ च्या जेम्स व्हेलच्या चित्रपटाने हीच वाट रुंद केली. ‘वेडा वैज्ञानिक’ म्हणून आज आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते कादंबरीपेक्षा या नाटकाचे देणे अधिक आहे. ऑगस्टमध्ये मेरीने स्वतः प्रयोग पाहिला, आणि तिची करमणूक झाली. नाटकाच्या गाजावाजामुळे गॉडविनने त्याच वर्षी कादंबरीची दुसरी आवृत्ती काढवली, आणि तिच्यावर प्रथमच लेखिकेचे नाव आले.

१८३१ ची सुधारित आवृत्ती, जी बहुतेक विद्यार्थी वाचतात, ती या सगळ्यानंतरची. मधल्या काळात आणखी एक प्रकरण घडले होते. पर्सीवर उपचार केलेले शल्यवैद्य विल्यम लॉरेन्स यांचा आपलेच गुरू जॉन अॅबर्नेथी यांच्याशी वाद पेटला. प्राण म्हणजे विजेसारखे काही सूक्ष्म तत्त्व देहात बाहेरून येऊन वसते, असे अॅबर्नेथींचे म्हणणे. प्राण ही देहरचनेचीच क्रिया, वेगळे तत्त्व मानण्याचे कारण नाही, असे लॉरेन्स यांचे. १८१९ मध्ये लॉरेन्स यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि धर्मनिंदेची ओरड झाली. त्यांना पुस्तक मागे घ्यावे लागले. १८२२ मध्ये न्यायालयाने तर धर्मविरोधी ग्रंथाला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही, असाच पवित्रा घेतला. लॉरेन्स पुढे गप्प राहिले आणि यथावकाश शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाचे अध्यक्षही झाले. १८१८ ची कादंबरी या वादाच्या छायेत वाचावी, आणि १८३१ चे बदल म्हणजे त्या धगीपासून अंग काढून घेणे, असा मेरिलिन बटलर यांचा निष्कर्ष मला पटतो. नव्या आवृत्तीत दैवाची भाषा वाढली, व्हिक्टरचा पश्चात्ताप अधिक धार्मिक झाला, आणि प्रस्तावनेत विधात्याच्या यंत्रणेची नक्कल करण्याच्या भयानकतेचा उल्लेख आला. नियतीने ओढून नेलेल्या माणसाला दार बंद करण्याचा दोष कसा द्यायचा? पहिल्या आवृत्तीत तो देता येत होता.

तेवढ्यावर हा बदल आटोपत असता तर त्याला निव्वळ भ्याडपणा म्हणता आले असते, पण तसे नाही. १८३१ ची मेरी पहिल्यासारखी नव्हती. क्लारा १८१८ मध्ये गेली, विल्यम १८१९ मध्ये, पर्सी १८२२ मध्ये बुडाला. १८२६ च्या ‘द लास्ट मॅन’मध्ये तिने साथीने उजाड झालेल्या पृथ्वीवर उरलेला एकच माणूस रंगवला. दैवावर विश्वास ठेवायला तिच्याजवळ कारणे होती. शिवाय याच आवृत्तीत तिने क्लेर्व्हालला एक नवी महत्त्वाकांक्षा दिली: पौर्वात्य भाषा शिकून हिंदुस्थानात जायचे आणि युरोपीय वसाहतीला व व्यापाराला हातभार लावायचा. पेशवाई बुडून तोवर तेरा वर्षे झाली होती. कादंबरीतला सर्वांत सालस, सर्वांत माणसाळलेला पुरुष हा बेत आखतो, आणि मेक्सिको-पेरूविषयीचे ते वाक्य त्याच आवृत्तीत काही प्रकरणे आधी जसेच्या तसे आहे. मेरीला यातील विसंगती दिसली असेल का, याचा पुस्तकातून थांग लागत नाही. आपल्याला मात्र ती न दिसणे शक्य नाही.

शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पुढे सरकते. स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ (१८८६) मधील जेकिलने आपले घर एका नामांकित शल्यवैद्याच्या वारसांकडून विकत घेतलेले आहे. मागच्या बाजूची प्रयोगशाळा म्हणजे जुने विच्छेदनगृह. एके काळी उत्सुक विद्यार्थ्यांनी भरून जाणारे ते सभागृह आता सामसूम आहे आणि तेथे खोकी व पेंढा पसरला आहे. सरकारी वकील नेमल्यासारखा सारखा मागावर असणारा अटरसन तेथून जातो तेव्हा एका ओळीत हे येऊन जाते. अल्दिनीचे प्रेक्षक उठून गेले आहेत. जेकिलचा जुना मित्र डॉ. लॅनियन त्याच्याशी दहा वर्षे फटकून आहे, कारण त्याच्या मते जेकिलचे विचार शास्त्रीय राहिलेले नाहीत. समव्यावसायिकांची ही नाराजी व्हिक्टरच्या वाट्याला कधी आली नव्हती. त्याने ती येऊच दिली नाही.

वेल्सच्या ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ (१८९६) मध्ये समाजच वैज्ञानिकाला हाकलतो. जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना परवाना लागेल असा कायदा इंग्लंडने १८७६ मध्येच केला होता, आणि १८८१ मध्ये डेव्हिड फेरियर यांच्यावर त्याखाली खटलाही भरला गेला होता. मोरोच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून घुसलेला एक पत्रकार सारे चव्हाट्यावर आणतो, अर्धवट सोललेला कुत्रा तेथून निसटतो, आणि मोरोला देश सोडावा लागतो. बेटावरचा त्याचा एकांत हा असा बहिष्कारातून आलेला. त्याला पश्चात्ताप मात्र कसलाच नाही. पण वेल्सने शेवटी एकाकी ठेवला तो मोरोला नव्हे, तो आधीच मेलेला असतो. बेटावरून सुटून आलेल्या प्रेंडिकला लंडनच्या रस्त्यांवरची माणसे पशूंसारखी दिसू लागतात, आणि तो शहरापासून दूर, माळरानाजवळ राहायला जातो. तेथे तो फारसे कोणाला भेटत नाही. दिवस पुस्तकांत आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगांत घालवतो, आणि आकाश निरभ्र असेल त्या रात्री तारे पाहतो.